पूजेसाठी बांधलेला गठ्ठा

ऊसतोडणीच्या यादीचा प्रोग्राम आपल्याकडे एकच आहे, असे आमचे विभागप्रमुख निकम साहेब पाहुण्यांना सांगत असत. ते खरे नव्हते. प्रोग्राम चार होते. एक लोखंडी कपाटात, एक गोरखरावांच्या खणात, एक पुण्याच्या संगणक केंद्रात 'असू द्या इथंच' म्हणून ठेवलेला, आणि एक साहेबांच्या केबिनमध्ये काचेच्या पेटीत, केवळ दाखवण्यासाठी. चारही प्रोग्रामांचे नाव एकच होते आणि त्यांतले कोणतेही दोन एकमेकांशी पूर्णपणे जुळत नव्हते. यांतला खरा कोणता, हा प्रश्न मी नोकरीच्या तिसऱ्या आठवड्यात विचारला. विचारला म्हणणेही फारसे बरोबर नाही. चिठ्ठीवर लिहून साहेबांच्या टेबलावर ठेवला. उत्तर तोंडी आले.

"साळवे बाई, चालतोय ना? मग तोच खरा."

त्या काळात मी कशावरच काही बोलत नसे. नगरच्या एका मुलींच्या शाळेत चौदा वर्षे गणित शिकवून, वयाच्या अडतिसाव्या वर्षी मी या साखर कारखान्याच्या यंत्र विभागात आले होते. मुंबईच्या सहा आठवड्यांच्या प्रशिक्षणात सर्वांत वयस्क विद्यार्थिनी मीच होते. वर्गातल्या मुलींसमोर मला कधी भीती वाटली नव्हती. पण सिगारेट ओढत गप्पा मारणाऱ्या चार पुरुषांच्या घोळक्याजवळ जाऊन 'हे असे का?' म्हणून विचारणे मला जमत नसे. या स्वभावाची किंमत पुढे दुसऱ्याच कोणीतरी मोजली. म्हणून तो आधीच सांगून टाकते.

आमचे काम काय होते ते थोडक्यात सांगायला हवे. जिल्ह्याच्या उत्तरेकडच्या या कारखान्याला ऊस देणारे सभासद हजारोंच्या घरात. प्रत्येकाच्या उसाची लागण कोणत्या तारखेची, उसाची जात कोणती, पाणी कशाचे, ही नोंद शेतकी खात्याची माणसे करून आणत. आमच्या पंचिंगच्या मुली ती जाड कागदाच्या कार्डांवर भोके पाडून उतरवत. एका शेताला एक कार्ड. मग या कार्डांच्या पेट्या जीपमध्ये घालून गुरुवारी पुण्याला जायचे, कारण संगणक पुण्यात. आम्हाला तो आठवड्यातून चार तास भाड्याने मिळे. तिथे तोडणीची यादी छापून निघायची. कोणाचा ऊस कोणत्या पंधरवड्यात तोडायचा, ते त्या यादीवर ठरायचे. ती गट कचेऱ्यांत चिकटवली की तोडणी मजुरांच्या टोळ्या त्याप्रमाणे निघत.

प्रोग्राम म्हणजे यंत्राला दिलेल्या सूचना. त्याही कार्डांवरच असत, पण दोन रूपांत. माणसाने लिहिलेला, माणसाला वाचता येणारा तो मूळ गठ्ठा. तो यंत्रात घातला की यंत्र त्याचे आपल्या भाषेत रूपांतर करून दुसरा गठ्ठा बाहेर टाके. त्यावर अक्षर एकही नाही, नुसती भोके. तो चालता गठ्ठा. मुळावरून चालता गठ्ठा तयार करण्याला आम्ही बांधणी म्हणत असू. नियम बदलला की मूळ गठ्ठ्यात दुरुस्ती करायची आणि पुन्हा बांधणी करायची, इतके हे सरळ आहे. मुंबईला मला तसेच शिकवले होते.

आमच्याकडे तसे कोणी करत नसे. बांधणीला चार तासांतला पाऊण तास जाई. म्हणून गोरखराव चालत्या गठ्ठ्यालाच ठिगळ लावत. गोरखराव म्हणजे यंत्रावर प्रत्यक्ष बसणारे आमचे तंत्रज्ञ. तिशीचे, हुशार, आणि आपण हुशार आहोत हे ठाऊक असलेले. यंत्राच्या पोटातली कोणती सूचना कितव्या घरात बसली आहे, हे त्यांना तोंडपाठ असे. ते चार-पाच कार्डे हाताने पंच करत, गठ्ठ्याच्या शेवटी खोचत, आणि ती कार्डे यंत्राला सांगत : अमुक घरातली सूचना पुसा, तिथे ही लिहा. पाच मिनिटांत काम फत्ते. मूळ गठ्ठ्याला याचा पत्ता नसे.

"मुळात कधी घालणार?" मी एकदा धीर करून विचारले.

"घालू की. हंगाम संपला की."

हंगाम संपला की गोरखराव रजेवर जात. ती त्यांची हक्काची रजा होती, त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार अशी की ठिगळांची वही मी स्वतः आखून दिली होती, रकान्यांसह : तारीख, कारण, लावणाऱ्याची सही. वर्षाअखेर तिच्यात एकच नोंद होती, आणि ती कँटीनमधून आणलेल्या भज्यांची होती.

ऑगस्टमध्ये पाऊस नव्हता. आधीचे वर्षही ओढीचेच गेले होते. हाताला काम नव्हते म्हणून मी कपाटे लावायला घेतली, आणि चालत्या गठ्ठ्याच्या शेवटी मला पाच कार्डे दिसली ज्यांच्या वरच्या कडेला गुलाबी पट्टा होता. आमची कार्डे सगळी पांढरी. हे ठिगळ आहे, ते पुण्याच्या कार्डांवर पंच केलेले आहे, इतके मला कळले. कशासाठी आहे, ते भोके पाहून कळेना. मी विचारायला उठले. गोरखराव डबा खात होते, बरोबर शेतकी खात्याचे दोघेजण होते, कसलासा मोठा हशा चालला होता. मी दारापर्यंत गेले आणि परत आले. दुसऱ्या दिवशी विचारू, असे ठरवले. दुसऱ्या दिवशी मला त्याची आठवण होती आणि तरीही विचारले नाही.

मग खंडेनवमी आली. कारखान्यात त्या दिवशी मिलच्या रुळांपासून शिपायाच्या सायकलीपर्यंत सगळ्यांची पूजा होते. आमच्याकडे संगणक नव्हता. मग पूजा कशाची, असा पेच साहेबांना पडला. पंचिंगची यंत्रे होतीच, पण साहेबांच्या मते विभागाचे खरे हत्यार म्हणजे प्रोग्राम. आणि कपाटातला चालता गठ्ठा तर कोपरे दुमडलेला, चहाचे डाग पडलेला, पेन्सिलीने रेघोट्या मारलेला.

"असला गठ्ठा देवापुढं ठेवायचा? बाई, एक स्वच्छ, कोरा करकरीत करून आणा गुरुवारी. तुमचं काही नाही ना? म्हणजे, पूजेबिजेचं?"

मी ख्रिस्ती. पूजेतला माझा वाटा प्रसाद खाण्यापुरता, आणि तो मी दरवर्षी आवडीने उचलत असे. तसे मी सांगितले. खरे तर मला आनंदच झाला होता. ज्या स्वच्छ बांधणीसाठी वर्षभर मी चिठ्ठ्या लिहीत होते, ती अखेर देवाच्या निमित्ताने मंजूर झाली होती! पुण्याला जाऊन मी मूळ गठ्ठा घेतला, माझ्यासमोर लागलेली जुनी ठिगळे त्यात उतरवली, त्यातल्या कधीच न वापरल्या जाणाऱ्या सूचना काढल्या, राहिलेल्या नीट क्रमाने लावल्या आणि बांधणी केली. पडताळा म्हणून मागच्या जानेवारीची यादी पुन्हा काढून पाहिली. नावाला नाव जुळले. गुलाबी कार्डे माझ्या मनात होती. जानेवारीची यादी जुळते आहे म्हणजे त्यांचे काम संपले असावे, अशी मी माझी समजूत घातली.

पूजा थाटात झाली. पहिल्या कार्डावर हळदीकुंकू वाहिले गेले; ते कार्ड पुढे मला पुन्हा पंच करावे लागले, कारण यंत्रात हळद गेल्याचा पुणेकरांना फार राग आला होता. दिवाळीनंतर गाळप सुरू झाले, आणि नव्या गठ्ठ्यावर काढलेली पहिली यादी गट कचेऱ्यांत लागली. साहेब खूश होते. मीही होते.

यादी लागल्याच्या पाचव्या दिवशी रंगनाथ तात्या आले. घोडेगावच्या अलीकडे त्यांचे शेत. धोतर गुडघ्यापर्यंत धुळीने भरलेले. ते साहेबांच्या खुर्चीसमोर बसले नाहीत, उभेच राहिले.

"सायेब, चैतात मीटिंगीत तुमीच सांगितलं न्हवं? ज्याची विहीर आटली त्याचा ऊस आदी तोडायचा?"

"हो, तसा ठराव आहे."

"माझी आटून दीड महिना झाला. तुमचा मानूस येऊन लिहून गेला. आन् पाळी लावली माघात! माघापातुर उसाचं सरपन व्हईल."

"तात्या, यादी यंत्राने केलेली आहे. यंत्र नातंगोतं बघत नाही."

"नातं नगा बघू, पर विहीर तर बघा! का वाकून बघाया त्याला कंबर न्हाई?"

बाहेर पंचिंगच्या मुली हसल्या. साहेबांनी न हसता एक चिठ्ठी लिहिली : यांच्या शेतावर उद्याच टोळी पाठवावी. तात्यांनी ती वाचून घेतली, दोनदा घडी घालून टोपीत ठेवली आणि माझ्याकडे पाहिले.

"माजं काम झालं. बाई, तुमचं तोंड कामून उतरलं?"

ते गेल्यावर मी सरळ गोरखरावांच्या टेबलापाशी गेले. दोन माणसे तिथे बसलेली होती, तरी गेले.

"गोरखराव, ती पाच गुलाबी कार्डं कशाची होती?"

"कुठली गुलाबी?" ते म्हणाले, आणि मग त्यांचा चेहरा बदलला. "अहो, तेच ते! विहिरीचं! एप्रिलात ठराव झाला, गुरुवार निम्मा संपलेला, आपली कार्डं संपलेली... तिथलीच घेऊन मारलं ठिगळ. का? लावलं नाहीत तुम्ही नव्या गठ्ठ्याला?"

"मला कसं कळणार? सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही विचारलं का नाही?"

कोरड्या विहिरींचा नियम जगात फक्त त्या पाच कार्डांवर होता. मी त्याला वगळून, स्वच्छ आणि सुबक, प्रोग्राम बांधला होता.

जुना गठ्ठा कुठे आहे, हा पुढचा प्रश्न. तो कपाटात नव्हता. पूजा झाल्यावर साहेब म्हणाले होते की आता हा काय कामाचा. मुलींनी त्याचे तोरण केले होते. झेंडूचे फूल, कार्ड, झेंडूचे फूल, कार्ड. आणि गुलाबी कडेची पाच कार्डे मधोमध, शोभेसाठी. ते आमच्याच दारावर टांगलेले होते आणि महिनाभर मी त्याच्याखालून ये-जा करत होते.

गोरखराव स्टुलावर चढले. झेंडू वाळून काळा पडला होता, पण कार्डे होती. आम्ही ती खिडकीच्या उजेडात धरून एकेक भोक वाचले. अडचण अशी की मुलींनी ओवण्यासाठी दाभणाने पाडलेले भोकही प्रत्येकात होते, आणि दोन कार्डांत ते नेमके जिथे खरे भोक असू शकते अशा जागी बसले होते.

"हे दाभणाचं," गोरखराव म्हणाले.

"कशावरून?"

"गोल आहे. आपलं चौकोनी असतं."

इतक्या दिवसांत त्यांचे कौतुक करावेसे मला त्या क्षणी प्रथम वाटले. मग ते म्हणाले, "चला, खोचून टाकू मागं, गुरुवारी यादी," आणि कौतुक ओसरले. ते ठिगळ घरांच्या जुन्या क्रमांकांवर लिहिलेले होते. मी गल्लीतली घरेच नव्याने लावली होती. आता ती कार्डे खोचली असती, तर विहिरीचा नियम भलत्याच सूचनेच्या घरात शिरून काय करता झाला असता, ते परमेश्वर जाणे. नियम वाचून मूळ गठ्ठ्यातच लिहायला हवा होता, आणि लागलेली यादी मागे घ्यायला हवी होती.

मी साहेबांकडे गेले. तोंडी गेले, हे नोंदवून ठेवते.

"तक्रार किती जणांची आली?" साहेबांनी विचारले.

"एकाची."

"त्याचं काम झालं?"

"झालं, पण कोरड्या विहिरी—"

"मग झालं तर. बाई, छापील यादी मागं घ्यायची म्हणजे उद्या प्रत्येक जण म्हणेल माझीही चूक. यंत्रावरचा विश्वास उडेल. कोणी आला की मी चिठ्ठी देईन. माझ्या टेबलावर चिठ्ठ्या पुष्कळ आहेत."

त्या संभाषणाची चीड आजही कमी झालेली नाही. ते दुष्ट गृहस्थ नव्हते. ते कोणालाही चिठ्ठी नाकारत नसत. पण जो येणार नाही त्याचे काय, हा प्रश्न त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हता, आणि तो पोचवण्याइतका मोठा आवाज माझ्यापाशी नव्हता. मी खोलीबाहेर आले आणि मला जे येत होते ते केले. एक पत्र लिहिले, कार्यकारी संचालकांना. यादी चुकीची आहे. बांधणी मी केली. ठिगळ मी पाहिले होते आणि विचारले नव्हते. यादी मागे घ्यावी आणि पुण्याला जादा वेळ मागावा. खाली सही केली. एक प्रत साहेबांच्या टेबलावर ठेवली आणि घरी जाऊन रडले.

संचालकांनी बोलावले. पत्र समोर होते. त्यांनी एकच विचारले, "अशी शेतं किती?"

"माहीत नाही, साहेब."

"मग शोधा की! पत्र काय लिहिताय?"

जादा वेळ मिळाला, शनिवारचा. गोरखराव आणि मी पेट्या घेऊन गेलो. केडगाव मागे पडले. तेव्हा गोरखराव म्हणाले, "नाव माझं घातलं नाहीत पत्रात."

"बांधणी मी केली होती."

"हं. वही कुठे आहे ती, रकान्यांची?"

त्या शनिवारी नियम मूळ गठ्ठ्यात गेला. शिवाय मी वीस शेतांची कार्डे हाताने तयार केली : एक कोरड्या विहिरीचे, एक खोडव्याचे, म्हणजे तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसाचे, एक लागणीची तारीखच नसलेले, अशी मुद्दाम निवडलेली. त्यांची उत्तरे मी कागदावर आधी काढून ठेवली होती. पुढे यंत्राला कामांचा क्रम सांगणाऱ्या हुकमाच्या कार्डांची एक माळच लावून दिली, म्हणजे यंत्राने आपणहून आधी मूळ गठ्ठ्यावरून बांधणी करायची, मग ही वीस शेते चालवायची, आणि माझी उत्तरे जुळली तरच खऱ्या यादीला हात घालायचा. मध्ये कोणाचा हात नाही, कोणाचा खण नाही. पाऊण तास जाई तो जाई. माझा भाचा हल्ली याच धंद्यात आहे. तो म्हणतो, आत्या, हे आता सगळीकडे असतं. मग तो फोनवर कोणालातरी 'अरे, ते तुझ्याच मशीनवर चालतंय फक्त' असे ओरडून सांगतो, आणि मला गोरखरावांचा खण आठवतो.

नव्या यादीत कोरड्या विहिरींची एकतीस शेते वर आली. तक्रार एकाची होती.

त्या एकतिसांपैकी अकराव्या नावावर टोळी गेली आणि रिकामी परत आली. ऊस नाही, असा शेरा. मी जीप मागून घेतली आणि त्या वस्तीवर गेले. विठाबाई नावाच्या वयस्क बाई, मुलगा खडी फोडायच्या कामावर गेलेला. शेतात नुसते बुडखे होते. दारात दोन बैल आणि एक गाय उसाच्या शेंड्यांचे वाळके वाढे चघळत होती.

"वाळायलाच लागला हुता, ताई," त्या म्हणाल्या. "मंग कापून जनावरांम्होरं टाकला. हायेत तेवडी जगतील."

"तुमचं नाव आधी यायला हवं होतं. चूक आमची झाली. तुम्ही कारखान्यावर का आला नाहीत?"

त्यांना प्रश्नच विचित्र वाटला. "यादी तर मशीनची हुती न्हवं? छापल्याली. मानूस आसतं तर भांडले आसते म्या. मशीनला काय म्हनायचं?"

ते यंत्र नव्हते, ती मी होते, असे मी त्यांना सांगितले. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिले. "तुमी?" म्हणाल्या, आणि पाणी आणायला आत गेल्या. त्या वर्षी, त्या वस्तीवर, मला तांब्याभर पाणी दिले गेले. मी ते प्याले, कारण नको म्हणणे त्याहून वाईट झाले असते.

परत आल्यावर मी नगरला जाऊन एक रबरी शिक्का करवून घेतला. संगणक इंग्रजीतच छापत असे, त्यामुळे दुसरा मार्ग नव्हता. 'ही यादी माणसांनी केली आहे. चूक वाटल्यास यंत्र विभागात साळवे बाईंना भेटावे.' प्रत्येक यादीच्या प्रत्येक पानावर तो मी स्वतः उठवत असे. निकम साहेबांनी तो पाहून कपाळाला हात लावला.

"बाई, तुम्हाला माणसांशी बोलायला येत नाही, आणि तुम्ही त्यांना बोलावताय?"

पहिल्याच आठवड्यात एकोणीस जण आले. कोणी ओरडत आले, कोणी नुसता यादीचा कागद माझ्यासमोर धरून उभे राहिले, एक जण तर विहीर किती खोल आहे ते दोराने मोजून, दोरच घेऊन आला. मी घामाघूम होऊन प्रत्येकाचे कार्ड काढून दाखवत होते. अठरा जणांची पाळी बरोबर होती. एकोणिसाव्याची नव्हती. मी पडताळ्याच्या वीस शेतांच्या पेटीत त्याच्या शेताचे एकविसावे कार्ड घातले, गोरखरावांनी न सांगता वही उघडली, आणि गुरुवारची वाट न पाहता आम्ही पुन्हा पुण्याला निघालो.